बाथरूमच्या टाइल्स : १९ बॉक्स की २०? मदत हवी आहे

मंडळी, काम खानापूरजवळ आहे. टाइल्स बेळगावहून आणायच्या, त्यामुळे एकाच खेपेत पुरल्या पाहिजेत. नंतर आणलेल्या एका बॉक्सचा बॅच नंबर वेगळा निघाला की शेड हमखास बदलते.

गिलाव्यानंतरचं माप ७ × ५ फूट, डॅडो (भिंतीवरच्या टाइल्स) ७ फुटांपर्यंत. भिंती २४ × ७ = १६८ चौ. फूट. अडीच फुटी दार ५ फुटी भिंतीच्या एका टोकाला, ते वजा करून १५०.५. व्हेंटिलेटर डॅडोच्या वर आहे, तो धरला नाही.

टाइल ‘१२ बाय १८’ इंच म्हणून विकतात, पण प्रत्यक्षात ३०० × ४५० मिमी, म्हणजे दीड नव्हे, १.४५ चौ. फूट. दीड धरलं तर १०१ नग, खऱ्या मापाने १०४. दहा टक्के वाढवून ११४, बॉक्समध्ये ६ नग, म्हणजे बरोबर १९ बॉक्स.

आडव्या लावून ओळीने मोजलं तर चार भिंतींना ५+५+४+२ = १६ नग, सात ओळींना ११२. शिल्लक फक्त दोन! नळाच्या भोकांतच तेवढ्या फुटतात. फरशीच्या अँटी-स्किड (न घसरणाऱ्या) टाइल्सचा हिशोब सोपा आहे, तो झालाय.

खरी अडचण उंचीची. सात ओळी आणि २ मिमीचे सांधे मिळून २११२ मिमी, चौकटीच्या वरच्या कडेला २२ मिमी कमी. टाइलची एवढी अरुंद पट्टी कापताना तुटते. पहिली ओळ आधाराच्या पट्टीवर २२ मिमी उचलून खालची फट फरशीच्या थराखाली झाकायची म्हटलं, तर नहाणी ट्रॅपजवळ (पाणी जायच्या जाळीपाशी) उतारामुळे ती उघडी पडेल का? उतार फुटाला पाव इंच आहे.