व्हिएन्नामध्ये आठ दिवस : अनोळखी शहरात सुट्टी धावपळ न करता कशी घालवावी?

चरईकर (ठाणे)

नमस्कार. मे महिन्याच्या उत्तरार्धात मी, माझे यजमान आणि माझ्या सासूबाई असे तिघेजण आठ दिवसांसाठी ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नाला जाणार आहोत. आजवर आमचे दोन परदेशप्रवास झाले आणि ते दोन्ही सहल कंपनीबरोबर झाले. पहाटे उठायचे, बसमध्ये बसायचे, खाली उतरून छायाचित्रे काढायची आणि पुन्हा बसमध्ये बसायचे, एवढेच त्यातले आठवते. त्यामुळे या वेळी स्वतःच जायचे, एकाच शहरात राहायचे आणि ते शहर नीट अनुभवायचे, असे आम्ही ठरवले. व्हिसा आणि विमानाची तिकिटे हाती आली आहेत. राहण्याची जागा मात्र अजून नक्की झालेली नाही.

सासूबाईंचे वय ७१ आहे. त्या निवृत्त संगीतशिक्षिका असून रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारून कोपिनेश्वराचे दर्शन घेतात, पण गुडघ्यांमुळे एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणे त्यांना झेपत नाही. त्या पूर्ण शाकाहारी आहेत. यजमानांनी मोठ्या हौसेने एक तक्ता केला असून त्यात ३१ ठिकाणे आहेत, आणि तो पाहिल्यापासून मला धास्तीच वाटू लागली आहे. नेमके किती पाहावे, जागा निवडताना काय विचारावे, खाण्याचे कसे जमवावे, आणि मुख्य म्हणजे जिथली भाषा येत नाही अशा शहरात सासूबाईंना परके वाटू नये म्हणून काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेरुळवासी (नवी मुंबई)

चरईकर ताई, तीन वर्षांपूर्वी आम्ही पतिपत्नी व्हिएन्नात दहा दिवस राहिलो होतो, म्हणून मी त्याच शहरापुरते लिहितो.

आधी तक्त्याविषयी. एखाद्या पाहुण्याने एका दिवसात तलावपाळी, उपवन आणि येऊर उरकले, तर त्याने ठाणे पाहिले असे तुम्ही म्हणणार नाही. तोच पाहुणा सलग तीन संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसला, तर चौथ्या दिवशी भेळवाला त्याला न सांगता तिखट कमी घालून देईल, आणि गडकरी रंगायतनला आज कोणते नाटक आहे याची चौकशी तो पाहुणा स्वतःहून करू लागेल. परक्या शहराशी ओळख व्हायची ती अशीच, एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन होते. म्हणून दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवा, ती सकाळी करा आणि दुपारनंतरचा वेळ मोकळा ठेवा. सासूबाईंना परके वाटू नये असे वाटत असेल, तर पहिल्याच दिवशी घराजवळची एक बेकरी, एक बाग आणि एक कॉफीघर हेरा आणि आठही दिवस तिथेच जा. आम्ही तसे केले, आणि पाचव्या दिवशी बेकरीतल्या बाईंनी आम्हाला पाहताच हात पुढे करून आमचा नेहमीचा पाव उचलला, तेव्हा माझ्या पत्नीला जो आनंद झाला तो कुठल्याही राजवाड्यात झाला नव्हता. दुकानात शिरताना 'ग्रुस गोट' असे म्हणण्याची तिथे रीत आहे. एवढा एक शब्द सासूबाईंना शिकवून ठेवा, कारण त्याने समोरच्या माणसाचा चेहराच बदलतो.

आता जागेविषयी, कारण तिथे आम्ही चुकलो. आरक्षण करताना 'पहिला मजला' असे वाचून आम्ही निश्चिंत झालो होतो. जुन्या व्हिएन्नी इमारतींत तळमजल्याच्या वर 'होखपार्टेर' आणि त्याच्याही वर 'मेझानिन' असे मजले असू शकतात आणि पहिल्या मजल्याची मोजणी त्यानंतर सुरू होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमचा पहिला मजला आपल्या हिशेबाने तिसरा निघाला आणि लिफ्ट नव्हती. गोल जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या, आणि प्रत्येक वळणावर बॅग टेकवून पत्नी कठड्याला धरून उभी राहत होती, हे दृश्य मला अजून आठवते. काही इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोचायलाच अर्धा जिना चढावा लागतो. तेव्हा लिफ्ट आहे का आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

शहराचे २३ विभाग आहेत आणि रस्त्याच्या पाटीवर नावाच्या आधी विभागाचा क्रमांक लिहिलेला असतो. पिनकोडमधले मधले दोन आकडे म्हणजे विभाग, उदाहरणार्थ १०७० म्हणजे सातवा. हे एकदा समजले की पत्ता वाचूनच जागा कुठे आहे याचा अंदाज येतो. पहिल्या विभागात जागा महाग पडते, म्हणून सहावा, सातवा किंवा आठवा विभाग पाहा, आणि ट्रामचा थांबा दोनशे पावलांच्या आत असेल असे बघा. गुडघे दुखत असतील तर भुयारी रेल्वेपेक्षा ट्रामच बरी, कारण जिने उतरावे लागत नाहीत आणि खिडकीतून शहर दिसत राहते. थांब्यावरच्या फलकावर किती मिनिटांनी गाडी येणार हे दाखवतात, आणि ज्या गाडीपुढे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते ती बुटक्या पायरीची असते. सासूबाईंसाठी तीच गाडी येऊ द्या, भले पाच मिनिटे थांबावे लागले तरी चालेल.

स्थानकांवर आपल्या मेट्रोसारखी फाटके नाहीत, त्यामुळे तिकीट लागतच नाही असा गैरसमज होतो. कागदी तिकिटावर वेळेचा शिक्का नसेल, तर ते प्रवास सुरू करताना लहान यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तपासनीस साध्या वेषात असतात, आणि शिक्का नसलेले तिकीट म्हणजे तिकीट नसल्यातच जमा. दंड शंभर युरोंहून अधिक आहे.

शहराचा जुना तट पाडून तिथे जो वर्तुळाकार राजमार्ग बांधला, तो रिंगस्ट्रास १८६५ मध्ये खुला झाला. संसद, नगरभवन, विद्यापीठ, ऑपेरा आणि मोठी संग्रहालये त्याच्याच कडेने आहेत. पहिल्या दुपारी झोप अनावर होते, कारण मे महिन्यात तिथली वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते. त्या वेळी या रस्त्याने ट्राममध्ये बसून हिंडा. पायांना त्रास होत नाही आणि कोणती गोष्ट कुठे आहे याचा नकाशा मनात तयार होतो. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे चारलाच जाग येईल. तिचा फायदा घ्या आणि गर्दी होण्याआधी सेंट स्टीफन चर्चच्या चौकात जाऊन या.

कॉफीघरात एका कपावर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही, ती तिथली जुनी परंपराच आहे. कॉफी एका लहानशा चकचकीत तबकात येते, सोबत पाण्याचा पेला असतो आणि पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला असतो. ते पाणी निःशंक प्यावे. नवी मुंबईला जसे मोरबे धरण आहे, तसे व्हिएन्नाला आल्प्स पर्वतातले झरे आहेत. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आणि दुसरी १९१० मध्ये सुरू झाली आणि तेच पाणी नळाला येते, त्यामुळे रिकामी बाटली जवळ ठेवली की पाण्याचा खर्च उरत नाही.

वर्तकनगर (ठाणे)

नेरुळवासींच्या मताचा आदर राखून मी थोडे वेगळे लिहितो. आपल्यासारख्या कुटुंबांना वर्षानुवर्षे पैसे साठवून असा प्रवास करता येतो आणि पुन्हा त्याच शहरात जाणे होईलच असे नाही, त्यामुळे तुमच्या यजमानांची धडपड मला समजते. ३१ ठिकाणे अशक्य आहेत, हे खरे. तरीही तिघांनी सदैव एकत्रच फिरले पाहिजे असे नाही. आई माझ्याबरोबर होती तेव्हा मी सकाळी लवकर एकटा बाहेर पडत असे आणि दहा वाजता तिला घ्यायला घरी परतत असे. सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. मी त्या चढत असताना ती खाली चर्चमध्ये शांतपणे बसली होती आणि दोघेही समाधानी होतो.

शोनब्रुन राजवाडा आणि बेल्व्हेडेअर यांची तिकिटे ठरावीक वेळेची असतात, ती निघण्यापूर्वीच घरून काढा. दोन्हीकडच्या बागांना तिकीट नाही, म्हणून सासूबाई थकल्या तर त्यांना बागेतल्या बाकावर बसवता येईल. कलेच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय मे महिन्यात सोमवारी सहसा बंद असते. तिथे संपूर्ण इमारत पाहण्याच्या फंदात पडू नका, ब्रॉयगेल या चित्रकाराच्या दालनात जाऊन बसा. बाबेलच्या मनोऱ्याचे त्याचे १५६३ मधले चित्र तिथे आहे. त्यात दगड वाहणारी, चुना कालवणारी, दोर ओढणारी इतकी बारीक माणसे आहेत की माझी आई अर्धा तास त्या एकाच चित्रासमोर होती. बांधकामाच्या परातीसुद्धा तिने शोधून दाखवल्या.

वाशीकर_सुगरण (नवी मुंबई)

खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. 'शाकाहारी आहे' एवढे सांगून तिथे भागत नाही. धिरड्याच्या पट्ट्या घातलेले एक सूप तिथे सर्वत्र मिळते आणि दिसायला ते अगदी निर्दोष असते, पण त्याचे पाणी गोमांस उकळून काढलेले असते. चीजच्या शेवयांसारख्या पदार्थावर कधीकधी मांसाचे बारीक तुकडे पेरलेले असतात. 'ओने फ्लाइश', म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द आणि 'मांस, मासे, मांसाचे पाणी चालत नाही' हे जर्मनमधले वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि वेटरला दाखवा. सफरचंदाचा श्ट्रूडेल आणि नाश्मार्क्ट बाजारातले फलाफल सासूबाईंना आवडेल, असे मला वाटते.

शक्य असेल तर स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. रात्रीचा वरणभात घरी झाला की वडीलधाऱ्यांची अर्धी चिंता मिटते. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे भाजी, दूध शनिवारी दुपारीच आणून ठेवा. अगदीच अडले तर मोठ्या रेल्वे स्थानकांमधली किराणा दुकाने रविवारीही उघडी असतात.

येथून नेताना मात्र जपा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. मे महिना म्हटल्यावर हापूसच्या दोन डझन आंब्यांचा मोह होणार, पण ताज्या आंब्यांना वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते नसेल तर विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, कोरडी लसणीची चटणी आणि भाजलेल्या रव्याचे पाकीट यांच्यावर आमचे उत्तम निभावले.

आणखी एक गोष्ट औषधांची. सासूबाईंच्या गोळ्या मूळ पट्टीसह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर गोळीच्या कंपनीचे नाव असतेच, त्याबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण तिथल्या औषधविक्रेत्याला तेच समजते. कार्डाने पैसे देताना यंत्र 'रुपयांत की युरोत' असे विचारते, तिथे नेहमी युरो निवडा, कारण रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो महागच असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी सुरू करा. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी पन्नास सेंटची नाणी सुटी ठेवा, सासूबाईंसोबत ती फार लागतील.

चरईकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिघांनी बसून तक्ता पुन्हा लिहिला आणि ३१ ठिकाणांची नऊ झाली. यजमानांच्या चार पहाटा त्यांना एकट्याला दिल्या आहेत. सातव्या विभागातल्या एका जागेच्या मालकीणबाईंना पायऱ्यांचा प्रश्न लेखी विचारला, तेव्हा त्यांनी 'लिफ्टपर्यंत सहा पायऱ्या, उजवीकडे कठडा आहे' असे उत्तर पाठवले. तीच जागा घेतली.

एकच प्रश्न उरला. सासूबाईंनी स्वतःहून एवढेच मागितले की ज्या शहरात इतके मोठे संगीतकार होऊन गेले, तिथे एखादी मैफल ऐकायला मिळावी आणि त्यांपैकी कोणाच्या तरी समाधीवर फूल वाहता यावे. ऑपेराची बसून पाहण्याची तिकिटे आम्हाला परवडण्यासारखी दिसत नाहीत.

नेरुळवासी (नवी मुंबई)

ताई, हे दोन्ही होईल. ऑपेराची उभ्याची तिकिटे अगदी स्वस्त असतात आणि लोक कठड्याला रुमाल बांधून जागा धरतात, पण सासूबाईंना तीन तास उभे राहणे शक्य नाही. त्याऐवजी वसंतात काही संध्याकाळी आतला प्रयोग इमारतीबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, तिथे खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पैसे लागत नाहीत. तारखा ऑपेराच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होतात. तासभर आधी पोचा आणि शाल बरोबर ठेवा, कारण सूर्य साडेआठच्या सुमारास मावळला की हवा एकदम गार होते.

समाधीसाठी रिंगवरून ७१ क्रमांकाची ट्राम पकडा आणि मध्यवर्ती दफनभूमीच्या दुसऱ्या प्रवेशद्वाराशी उतरा. बेथोव्हेन १८२७ मध्ये गेला आणि त्याच्याजवळच आपल्याला जागा मिळावी अशी इच्छा असलेला शूबर्ट पुढच्याच वर्षी गेला. दोघांचेही अवशेष १८८८ मध्ये या दफनभूमीत आणले गेले आणि आज त्यांच्या समाध्या काही पावलांच्या अंतरावर आहेत, ब्राह्म्सची समाधीही तिथेच आहे. मध्ये मोझार्टचे स्मारक आहे, पण त्याला पुरले ते सेंट मार्क्सच्या जुन्या दफनभूमीत. तीही याच ट्रामच्या वाटेवर लागते. प्रवेशद्वारापासून समाध्यांपर्यंत सरळ, सपाट रस्ता आहे, सासूबाईंच्या चालीने दहा मिनिटे धरा. फुले प्रवेशद्वाराबाहेरच मिळतात.