मोतीबिंदूचं ऑपरेशन: टेबलावर आणि घरी आल्यावर

पुढच्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर "काही नसतं हो, दुपारी जेवायला घरी" म्हणून मोकळे झाले. आईचे प्रश्न वेगळेच आहेत. डोळा उघडा असताना सुरी येताना दिसते का? मध्येच शिंक आली तर? पट्टी बांधून आल्यावर एकटीने बाथरूमला जाता येतं का? भिंग कुठलं घ्यावं आणि पॅकेज केवढ्याचं, यावर बोलणारे चिक्कार भेटलेत. इथे तो एक दिवस कसा गेला तेवढंच लिहा, स्वतःचा किंवा घरच्यांचा.

निवृत्त शिक्षिका, सातारा

सुरीबिरी काही दिसत नाही, आईंना आधी हे सांगा. खरा वैताग बाहेर बसण्याचा. भुवईच्या वर पेनाने खूण करतात, मग बाहुली मोठी करायचे थेंब, थोड्या वेळाने परत थेंब. दर वेळी नर्स नाव विचारणार आणि "कुठला डोळा?" म्हणणार. माझा पारा चढत होता, पण डोळ्याची अदलाबदल होऊ नये म्हणून ते मुद्दामच विचारतात, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं.

आत कडाक्याची थंडी. मोज्यांचं विचारून ठेवा, मला घालू दिले. तोंडावर कापड टाकतात, त्याला डोळ्यापुरतं भोक. गुदमरल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं, नाकाजवळ ऑक्सिजनची नळी ठेवतात. पापण्यांना तारेची चाप लावलेली असते, त्यामुळे डोळा मिटेल ही भीतीच नको. मला इंजेक्शन नव्हतं, नुसते बधिर करायचे थेंब. "दिव्याकडे बघा" म्हणाले. आधी दिवा दिसत होता, मग त्याचं पाणी झालं आणि त्या पाण्यात गुलाबी, निळं, मध्येच पिवळं, अशी रांगोळी विस्कटत राहिली. मशीनची घरघर कमीजास्त होते. शेवटी डोळ्यात जरा दाब आला, तेव्हा भिंग बसत होतं म्हणे. दुखलं काहीच नाही.

शिंकेचं म्हणाल तर मला खोकल्याची उबळ आली होती. हात न हलवता तोंडाने सांगितलं, डॉक्टरांनी अवजारं बाहेर घेतली, खोकून झाल्यावर पुढे चालू.

मुलगा, पुणे

बाबांना कमी ऐकू येतं, सूचना कळणार नाहीत म्हणून डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन भूल दिली. ते टोचतानाच काय ते दुखलं. पण घरी आल्यावर पट्टीखाली पापणी हलेना, म्हणून बाबा घाबरले, "डोळा गेला रे!" भूल उतरेपर्यंत तसंच असतं, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर ती संध्याकाळ बरी गेली असती.

एक महत्त्वाचं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतलं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याने बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि बाहुली मध्येच आकसते. आधी माहीत असलं की ते तयारीने उतरतात. रक्त पातळ करायच्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत.

नात, परभणी

आमच्या आजीचं शिबिरात झालं. मोतीबिंदू पार पिकलेला, म्हणून फेको, म्हणजे बारीक चिरेतून मशीनने मोतीबिंदू फोडून ओढून घेणं, ते न करता थोडी मोठी चीर घेऊन अख्खाच काढला, टाके मात्र नाहीत. रात्री वॉर्डात सगळ्या म्हाताऱ्या एकेका डोळ्यावर पट्टी लावून एकमेकींच्या सुनांचा हिशेब करत बसलेल्या. सकाळी पट्टी काढून डॉक्टरांनी बोटं दाखवली, तर आजी म्हणे, "बोटं र्‍हाऊ द्या, आधी तुमचा चेहरा बघू द्या."

माजी ओटी सिस्टर, मुंबई

आमच्या सुरुवातीच्या काळात पेशंटच्या डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून निजवायचे आणि पुढे जन्मभर जाड भिंगाचा चष्मा. आत भिंग बसवायची सुरुवात लंडनला हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केली होती. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे, कण राहूनही डोळा ते सोसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण आपल्याकडे ते सरसकट व्हायला बरीच वर्षं गेली.

आता कामाचं. पहिल्या संध्याकाळी टोचणं, पाणी येणं, धूसर दिसणं चालतं. दुखणं वाढत गेलं, डोकं ठणकून उलटी झाली, डोळा लालभडक झाला किंवा दिसत होतं ते कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री फोन. थेंब घालताना हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लावू नका, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. झोपताना प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीने लावाच, झोपेत हात डोळ्याकडे जातो. बाथरूमला जाता येतं, पण सोबत कोणीतरी असावं, एका डोळ्याने पायरीचा अंदाज चुकतो. आणि बघायला येणाऱ्यांनी कृपया पेशंटला देवापुढे वाकायला लावू नये.

गृहिणी, नाशिक

पट्टी निघाल्यावर ट्यूबलाइट निळसर दिसली. डावा डोळा झाकला की भिंत पांढरीशुभ्र, उजवा झाकला की तीच भिंत पिवळट. मी दिवसभर हाच खेळ करत बसले. मुलगा म्हणाला, रंग देऊन फार दिवस झालेत, पिवळटच आहे ती.

धागाकर्ती

सिस्टर, वाटीचं आणि उलटीचं कागदावर लिहून फ्रिजला लावलं. आईने सगळं वाचून घेतलं, त्यातलं खोकल्याचं दोनदा. आता नवा प्रश्न काढलाय: दुसऱ्या डोळ्याच्या वेळी जास्त दुखतं का?

निवृत्त शिक्षिका, सातारा

मला तरी जास्त जाणवलं. डॉक्टर म्हणाले, बरेच जण असं सांगतात, पहिल्या वेळी घाबरून लक्षच नसतं. पण आईंना हे आत्ता नका सांगू.