घरच्या वापरासाठी नवा डेस्कटॉप : हाती आलेल्या दोन कोटेशनांपैकी कोणते घ्यावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरातला डेस्कटॉप २०१३ च्या दिवाळीत जुळवून घेतलेला आहे. तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर, असा तो तेव्हाच्या मानाने बरा संच होता आणि त्याने आजवर कामही चोख केले. गेल्या दोन पावसाळ्यांपासून मात्र तो सुरू करणे हा एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला आहे. बटण दाबले की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून लांबलचक बीप ऐकू येतात. मग कॅबिनेटचे झाकण काढायचे, रॅमची पट्टी बाहेर घ्यायची, तिच्या सोनेरी दातांवरून मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर फिरवायचा, पट्टी खाचेत कट्‌ आवाज होईपर्यंत दाबायची आणि मगच काही उमटते. चिपळूणच्या दमट हवेत हा उपाय फार तर आठवडाभर पुरतो. शिवाय मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल नवा घातला तरी काही महिन्यांत बसतो, त्यामुळे वीज गेली की संगणकाची तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की बँकेचे संकेतस्थळ सुरक्षा प्रमाणपत्राचे कारण दाखवून उघडतच नाही.

दुरुस्तीत आणखी पैसे घालावेत असे आता वाटत नाही, कारण विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी व टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय) लागते. हे दोन्ही आमच्याकडे नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे, ते सुरक्षा-अपडेटवाचून चालवणे मला पटत नाही.

वापर तिघांचा आहे. वडील ७४ वर्षांचे असून पंचायत समितीतून निवृत्त झाले आहेत. ते आमच्या सोसायटीचा जमाखर्च एक्सेलमध्ये ठेवतात आणि पत्रे, इतिवृत्ते मराठीत स्वतः टंकलिखित करतात. मुलगी नववीत आहे आणि तिला शाळेच्या प्रकल्पांबरोबर पायथन शिकायचे आहे. माझे काम म्हणजे बँक, कर आणि गेल्या अठरा वर्षांतले सुमारे २८० जीबी फोटो सांभाळणे, क्वचित घरगुती चित्रफीत कापणे-जोडणे. गेम कोणी खेळत नाही, निदान मला माहीत असलेले तरी. लॅपटॉप घ्या असा सल्ला मिळेल हे ठाऊक आहे, पण वडिलांना मोठा पडदा आणि जड कीबोर्ड लागतो आणि यंत्र जागेवरून हलणार नाही, तेव्हा डेस्कटॉपच घ्यायचा हे ठरले आहे. मर्यादा मॉनिटरसह ५० हजार रुपयांची आहे. यूपीएसचे पैसे त्याहून वेगळे काढून ठेवले आहेत.

गावातल्या दुकानदाराने दिलेले पहिले कोटेशन ४६,८०० रुपयांचे आहे. त्यात आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ (रॅमची पिढी) रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण), २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), काचेची बाजू आणि रंगीत दिवे असलेले कॅबिनेट आणि २२ इंची मॉनिटर आहे. विंडोजच्या परवान्याचा कोटेशनात उल्लेख नाही. विचारल्यावर ‘ते आम्ही टाकून देतो’ एवढेच उत्तर मिळाले आणि त्याचा अर्थ बिनपरवान्याची प्रत, हे आपण सारे जाणतोच. दुसरे कोटेशन एका नामांकित कंपनीच्या तयार संचाचे आहे : आय३-१४१००, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, परवान्यासह विंडोज ११, घरी येऊन सेवा देण्याची एक वर्षाची हमी, किंमत ३९,९९० रुपये. मॉनिटर वेगळा घ्यावा लागेल.

तिसराही पर्याय होता, पण तो माझ्या मेहुण्याच्या अनुभवाने निकालात निघाला. त्याने ऑनलाइन ‘आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ अशी जाहिरात पाहून १४,९९९ रुपयांना नवा म्हणून संच मागवला. पार्सल उघडून संगणक सुरू केल्यावर मी सिस्टिमची माहिती उघडून पाहिली, तर प्रोसेसर निघाला आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा, आमच्या खोडरबरवाल्या आय३ पेक्षाही जुना. मदरबोर्ड आणि कॅबिनेट कोरे करकरीत होते, त्यामुळे फसवणूक दिसली नाही इतकेच. तेव्हापासून मी आय३, आय५, आय७ हे अक्षर सोडून पुढच्या आकड्याची सुरुवात आधी वाचतो. २६०० मधला २ ही दुसरी पिढी आणि १२१०० मधले १२ ही बारावी, हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर त्याची रक्कम परत मिळवण्यातले तीन आठवडे वाचले असते.

मला विचारायचे आहे ते असे. पहिल्या कोटेशनातल्या ‘एफ’ अक्षराचा आणि ग्राफिक्स कार्डाचा आम्हाला खरोखर उपयोग आहे का? ८ जीबी रॅम पुढची सात-आठ वर्षे पुरेल का? जुळवलेला संच घ्यावा की तयार, हे ठरवताना चिपळूणसारख्या ठिकाणी कोणती गोष्ट अधिक महत्त्वाची मानावी? एक नातेवाईक लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला संगणकांच्या भागांचा बाजार) सारे भाग आणून देतो म्हणत आहेत, परंतु एखादा भाग बिघडला तर दरवेळी मुंबईची वारी परवडणारी नाही. वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले आहे, त्यामुळे मॉनिटरबद्दलही सल्ला हवा आहे. त्यांच्या जुन्या पत्रांच्या शेकडो फायली श्रीलिपीच्या फाँटमध्ये आहेत, त्यांचे नव्या यंत्रावर काय होईल? आणि एक स्थानिक अट : जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे विजेची कोणतीही वस्तू जमिनीवर ठेवली जात नाही, तेव्हा कॅबिनेट टेबलावर मावेल असेच हवे.

प्रतिसाद १

आपण आकडा वाचायला शिकलात, आता त्याच्या शेवटचे अक्षरही वाचा. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमधला चित्र दाखवणारा भाग बंद केलेला असतो, म्हणून वेगळे कार्ड लावल्यावाचून पडद्यावर काहीच दिसत नाही. म्हणजे दुकानदाराने आपल्याला कार्ड जास्तीचे दिलेले नाही. ‘एफ’ निवडल्यामुळे ते देणे त्याला भागच पडले आहे.

ते २ जीबीचे कार्ड कोणते, हे अवश्य विचारा. अशा कोटेशनांत पुष्कळदा जीटी ७१० असते. ते २०१२ सालच्या केप्लर रचनेवर बेतलेले आहे आणि त्या रचनेच्या कार्डांना सुरक्षा-अपडेटही सप्टेंबर २०२४ पर्यंतच मिळणार होते. यूट्यूब आज ज्या व्हीपी९ आणि एव्ही१ स्वरूपांत चित्रफिती पाठवते, ती उलगडण्याची सोय या कार्डात नाही, त्यामुळे तो भार प्रोसेसरवर पडतो. उलट साध्या आय५-१२४०० किंवा आय३-१२१०० मध्ये असलेले यूएचडी ७३० हे अंगभूत ग्राफिक्स ही दोन्ही स्वरूपे स्वतः उलगडते. थोडक्यात, कार्ड काढून टाकले तर आपला संच स्वस्त, थंड आणि या कामापुरता अधिक चांगला होतो. ग्राफिक्स अंगभूत असलेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी हाही चांगला पर्याय आहे, मात्र त्याचा मदरबोर्ड वेगळा लागेल.

आपल्या वापराला आय३-१२१०० पुरेसा आहे. त्यात मेहुण्यांच्या आय७-२६०० इतकेच, म्हणजे चार कोअर (काम करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, तरीही तो त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. त्यातून वाचलेले पैसे रॅममध्ये घाला आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या मागा, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वाटून घेते आणि दोन पट्ट्या असल्या की तिची गती चांगली मिळते. पुढे बघू म्हणून आज ८ जीबीवर थांबण्याचा सल्ला मी एरवी दिला असता. पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवले. मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरमध्ये क्रूशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणून रॅमचा भाव कोटेशनात स्वतंत्र लिहून घ्या आणि तो किती दिवस बांधील आहे तेही विचारा. एच६१० चे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद २

मॉनिटरबद्दल एक गोष्ट सांगतो, जी दुकानात कोणी सांगत नाही. आपला साडेअठरा इंची मॉनिटर बहुधा १३६६ बाय ७६८ चा असेल. त्यावर इंचाला साधारण ८५ ठिपके बसतात. २४ इंची फुल एचडी पडद्यावर ९२ च्या आसपास बसतात, म्हणजे पडदा मोठा होऊनही अक्षर आताच्यापेक्षा किंचित लहान दिसेल, आणि २२ इंचीवर तर आणखी लहान. पहिल्या दिवशी ‘यापेक्षा जुना बरा होता’ हे वाक्य ज्येष्ठांकडून ऐकू येते ते यामुळेच. माझ्या आईच्या बाबतीत हेच घडले होते. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के केला की २४ इंचीवर अक्षर जुन्यापेक्षा ठळकपणे मोठे होते आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरातली अर्धी अक्षरे नीट सुटी दिसतात. पॅनेल आयपीएसचे (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारे) घ्या आणि शक्य तर उंची कमीजास्त करता येणारा स्टँड असलेला मॉनिटर पाहा.

श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये (सर्व यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरप्रणालीत) नाहीत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात. जुना संगणक चालू आहे तोवर महत्त्वाची पत्रे पीडीएफ करून घ्या आणि ज्यांत पुढे फेरफार लागणार आहेत तेवढीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासा, कारण रूपांतरात जोडाक्षरे अधूनमधून बिघडतात. नव्या टंकलेखनासाठी काही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड मुळातच आहेत.

कोकणात पावसाळ्यात यूपीएसइतकेच अर्थिंग महत्त्वाचे आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या आणि गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर राउटरची केबलही काढा, कारण वीज त्या वाटेनेही आत येते. कार्ड नसलेल्या अशा संचाला ६०० व्हीएचा यूपीएस काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरता वेळ देतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी दुकानात जाऊन आलो. कार्डाचे नाव विचारले तेव्हा ते खरोखरच जीटी ७१० निघाले. दुकानदाराने फारशी खळखळ न करता ‘बहुतेक गिऱ्हाईक कार्ड आहे का, एवढेच विचारते’ असे सांगितले, आणि ते खोटे नसावे.

सुधारित कोटेशनात आय३-१२१००, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, तीच एसएसडी, २४ इंची आयपीएस मॉनिटर, दिवे नसलेले लहान कॅबिनेट आणि विंडोज ११ चा रीतसर परवाना आहे. बेरीज ४९,२०० होते. तयार संच मी बाजूला ठेवला. त्यात रॅम ८ जीबीच होती, मॉनिटरचे पैसे धरले की रक्कम मर्यादेबाहेर जात होती आणि घरी येऊन सेवा देणारा माणूस रत्नागिरीहून येणार होता. जुळवलेल्या संचात प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांना प्रत्येकी तीन वर्षांची हमी आहे आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटीच्या पावतीवर लिहून देण्याचे दुकानदाराने मान्य केले आहे.

एका गोष्टीकडे माझे लक्षच नव्हते : या बोर्डावर वायफाय नाही. राउटर हॉलमध्ये आणि संगणक वडिलांच्या खोलीत असल्याने लॅन केबल भिंतीतून ओढावी की यूएसबीचा वायफाय अडॅप्टर घ्यावा, याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर लिहावे. मधली भिंत जांभ्या दगडाची, दीड फूट जाडीची आहे आणि त्या खोलीत मोबाइललाही रेंज जेमतेम मिळते.

प्रतिसाद १

दीड फूट जांभा असेल तर केबलच ओढा. कॅट ६ घ्या, ती विजेच्या तारांपासून वेगळ्या पाइपमधून न्या आणि केबल घराबाहेरून फिरवावी लागली तर भोक पाडताना बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी आत झिरपणार नाही.