फराळाच्या ऑर्डरसाठी इन्स्टाग्रामवर हॅशटॅग कोणते टाकावेत?

फराळवाली_दादर: दादर-माहीम भागात घरपोच फराळ देतो. #फूड, #लव्ह, #इंडिया असे टॅग लावले की लाइक येतात, पण ते बाहेरगावचे. मुंबईतलं गिऱ्हाईक कसं मिळेल?

गिरगावकर: मोठे टॅग आधी काढा. तिथे असंख्य पोस्ट असतात, तुमची चकली त्यात हरवते. तीन ते पाच टॅग पुरेत: एक पदार्थाचा (#भाजणीचकली), एक भागाचा (#दादरफराळ), एक प्रसंगाचा (#दिवाळीफराळ), एक तुमच्या नावाचा. नावाचा टॅग कायम तोच ठेवा आणि डब्यावर छापा, म्हणजे गिऱ्हाइकांचे फोटोही त्याखाली जमतील. टॅगमध्ये जागा सोडली किंवा जोडरेघ दिली की तो तिथेच तुटतो, अधोरेषा चालते. खातं प्रायव्हेट असेल तर टॅगचा काहीच उपयोग नाही, हे आधी तपासाच.

पार्ल्याचा_मार्केटर: वरचं सगळं बरोबर, पण डिसेंबर २०२४ पासून इन्स्टाग्रामवर हॅशटॅग फॉलो करता येत नाही. त्यामुळे खरा भर शोधावर द्या. कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत ‘दादरमध्ये घरगुती भाजणीची चकली, अर्धा किलो’ असं साधं वाक्य लिहा, लोकेशन लावा. अकाउंट बिझनेस करून घ्या. मग इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत, फॉलोअर नसलेल्या किती जणांपर्यंत पोस्ट पोहोचली ते दिसतं. एका वेळी एकच टॅग बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि हे दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू करा, ऑर्डरी तेव्हाच ठरतात.