साध्या फोनवर फुकटातली कुठली अ‍ॅप ठेवायची? माझं मत : आधी काढायला शिका

विटा_मोबाईलवाला :
विट्यात माझा रिपेरिंगचा गाळा आहे. गिऱ्हाईक येतं ते एकच सांगत येतं, फोन हँग होतोय, रिसेट मारून द्या. २-३ जीबी रॅम, ३२ जीबी मेमरी, बहुतेक वेळा आईचा नाहीतर आबांचा फोन, पोराने नवा घेतला म्हणून जुना यांच्याकडं आलेला. उघडून बघावं तर आत दोन क्लीनर, एक बॅटरी सेव्हर, टॉर्चचं अ‍ॅप, क्यूआर स्कॅनर, पीडीएफची वेगवेगळी तीन, आणि एवढं असून जाता जाता विचारणार की फुकटातली अजून चांगली कुठली असतील तर टाकून द्या की.

म्हणून इथं लिहितोय. साध्या फोनला नवीन अ‍ॅप सुचवायच्या आधी आहेत ती काढा. टॉर्च वरच्या पट्टीत असतेच. क्यूआर बऱ्याच फोनचा कॅमेराच वाचतो, नाहीतर गूगल लेन्स आहे. पीडीएफ गूगल ड्राइव्हमध्ये उघडते. २०१३ ला अमेरिकेत एका लई चालणाऱ्या टॉर्चच्या अ‍ॅपवर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, ते लोकांचं लोकेशन जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. उजेड पाडायला तुमचं गाव कशाला कळायला पाहिजे? आणि क्लीनरने रॅम मोकळी केली की फोन पळतो हा तर निव्वळ गैरसमज. अँड्रॉइड लागेल तशी रॅम स्वतः मोकळी करतं, तुम्ही जबरदस्तीने बंद केलेलं अ‍ॅप परत उघडताना पहिल्यापासून लोड होतं, त्यात बॅटरी उलट जास्त जाते.

माझी यादी एवढीच : व्हॉट्सअ‍ॅप, गूगलचं फाइल्स, सरकारी कागदपत्रं ठेवायला डिजिलॉकर, मराठीत बोलून टाइप करायला जीबोर्ड, आणि व्हेअर इज माय ट्रेन. हे शेवटचं नेट नसलं तरी मोबाईलच्या टॉवरवरून गाडी कुठं आलीय ते सांगतं. सातारचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, रात्री तिथं जाऊन ताटकळत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि एक, हे बऱ्याच जणांना झोंबेल, पण साठीच्या पुढच्या माणसाच्या असल्या फोनवर यूपीआय नको म्हणजे नको.

कृष्णाकाठची :
दादा, क्लीनरचं शंभर टक्के पटलं, यूपीआयचं अजिबात नाही. माझ्या सासूबाई सांगलीत मंडईत भाजी घेऊन बसतात. दहा रुपयाची कोथिंबीर घेणारा पण फोन पुढं करून कोड मागतो, सुट्टे नाहीत म्हणतो. कोड नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं. मग घरोघरी काय करतात तर मुलाच्या नावाचा कोड आईच्या पाटीवर चिकटवतात आणि दिवसभराचा गल्ला मुलाच्या खात्यात, संध्याकाळी तिने तिच्याच कष्टाचे पैसे त्याच्याकडं मागायचे. हे चांगलं का? तिचा फोन, तिचं खातं, तिचा कोड, असंच पाहिजे.

काळजी घ्यायची तर पेन्शन आणि ठेवीचं खाते वेगळं ठेवा, यूपीआयला रोजच्या उलाढालीचं छोटं खातं जोडा. गेलं तरी तेवढंच जाईल. आणि एक वाक्य पाठ करून घ्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. आम्ही सासूबाईंना हेच शिकवलंय, कोणी फोनवर "आजी, पैसे पाठवलेत, पिन टाका" म्हणाला की त्या सरळ ठेवून देतात. किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट म्हणून छोट्या रकमेचं वेगळं पाकीट आहे, त्यात एका वेळी १,००० पर्यंत आणि एकूण ५,००० च्या वर रक्कम बसतच नाही.

माणदेशी_शेतकरी :
विट्याच्या भावा, तू बाजारपेठेत बसतोस म्हणून यादीत शेतकऱ्याला लागणारं काहीच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, पिकाची नोंद शेतात उभं राहून, फोटो काढून, लोकेशनसकट आपणच करायची. नोंद नसली की नुकसानभरपाईच्या वेळी तोंड बघत बसायचं. ते अ‍ॅप काय मी हौसेने टाकतो का?

दुसरं दामिनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, फुकट आहे, आजूबाजूला २० ते ४० किलोमीटरात वीज पडायचा धोका असला तर इशारा देतं. वळवाच्या दिवसात आमच्याकडं दुपारनंतर आभाळ कधी भरून येईल नेम नसतो, मेंढरं घेऊन माळावर असलेल्या माणसाला ना आडोसा ना काय. तिसरं मेघदूत, हवामान खात्याचं, मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा पीक सल्ला येतो, मराठीत वाचता येतो. ही तीन नसतील तर आमच्या फोनचा उपयोग काय, नुसता स्टेटस बघायला?

विटा_मोबाईलवाला :
दामिनी घेतलं यादीत, त्याला माझा विरोध नाही, जीवाचा प्रश्न आहे. पण लोकेशनची परवानगी दिली नाही तर ते गप्प बसणार, आणि बॅटरी सेव्हरने मागं बंद पाडलं तर इशारा यायचाच नाही. म्हणून तर बॅटरी सेव्हर आधी काढा म्हणतोय.

ई-पीक पाहणी मात्र प्रत्येक फोनवर कायम असायची गरज नाही. एका फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते. वस्तीवर एकाचा फोन बरा असेल तर त्याच्यावरून सगळ्यांची करा. नाहीतर हंगामात टाका, नोंद अपलोड झालीय याची खात्री करा आणि काढून टाका. शेतात रेंज नसली तर नोंद फोनमध्येच अडकून असते, घरी येऊन अपलोड करायचं राहतं आणि लोक झाली झाली म्हणून निवांत बसतात, तसं करू नका.

कोरेगाव_ताई :
मी अंगणवाडीत आहे, माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. "अ‍ॅप कमी ठेवा" हे ज्याला निवड करता येते त्याला सांगा. २०२१ ला राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते ते आठवत असेल. २ जीबी रॅमचे फोन, तापायचे, अडकायचे, आणि त्यावर पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप, भरायचं, ते पण इंग्रजीत. तेव्हा बायांना काय कमी बोल लागले का, की तुम्हाला फोन वापरता येत नाही म्हणून? फोन हलका, अ‍ॅप जड, आणि दोष वापरणारीचा.

लोकांसाठी काम करणारं अ‍ॅप बनवायचं तर ते सगळ्यात साध्या फोनवर चाललं पाहिजे, ही मागणी आपण करायला पाहिजे. होतंय उलटं. यूट्यूब गो २०२२ ला बंद केलं, मेसेंजर लाइट २०२३ ला बंद केलं. व्हॉट्सअ‍ॅप २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खाली चालत नाही. हलकी अ‍ॅप एकेक करून जातायत आणि आपण इथं एकमेकांना "हे काढ, ते काढ" सांगतोय.

तरी आता हातात आहे त्या फोनचं काय करायचं ते सांगते, कारण आमच्या मदतनीसबाईंचा फोन परवाच असा सोडवला. नवीन काही टाकलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथं मॅनेज स्टोरेज. वरच दोन डबे दिसतात, एक खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या गोष्टींचा आणि एक ५ एमबीच्या वरच्या फाइलींचा. पहिल्यात नुसते शुभ सकाळ, एकादशीच्या शुभेच्छा, तोच एक व्हिडिओ चार ग्रुपवरून आलेला. त्यांनी नातवंडांचे तेवढे बाजूला ठेवायला सांगितले, बाकी निवडून उडवलं. मग त्याच पानावर मागं येऊन मीडिया ऑटो डाउनलोड आहे, त्यात मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हीतल्या सगळ्या टिका काढल्या. आता फोटो बोट लावल्यावरच उतरतो. त्यांचा फोन त्यानंतर अडकला नाही.

ओपनसोर्स_कराड :
सगळ्यांनी प्ले स्टोअरच्याच चौकटीत विचार केलाय. एफ-ड्रॉइड म्हणून वेगळं स्टोअर आहे, २०१० पासून चालू आहे, तिथली अ‍ॅप मुक्त सोर्सची, म्हणजे आतला कोड कोणालाही बघता येतो अशी, जाहिरात नाही, आकाराने लहान. जुन्या फोनला यासारखं दुसरं काही नाही. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये आपल्या भागाचा नकाशा एकदा उतरवला की नेटशिवाय रस्ता दाखवतं, कासकडं किंवा कोयनेच्या आतल्या बाजूला रेंज गेली तरी चालतं. गाणी-व्हिडिओला व्हीएलसी. फुकट म्हणजे खरंच फुकट, तुमची माहिती विकून नाही. जून २०२० ला शेअरइट आणि कॅमस्कॅनर बंदी घालून बंद केले तेव्हा सगळ्यांची धावपळ झाली, कारण एका कंपनीच्या अ‍ॅपवर आपण विसंबून होतो. सवय आत्ताच बदला.

विटा_मोबाईलवाला :
मित्रा, तुझ्या हेतूबद्दल शंका नाही, पण थेट विरोध करतो. एफ-ड्रॉइड टाकायचं म्हणजे ब्राउझरला "अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करू द्या" ही परवानगी द्यायची. आणि नेमकी तीच देऊ नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतोय! आत्ता जे लुटालुटीचं चाललंय ते तिथूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, येते, पीएम किसानच्या नावाने येते, आरटीओच्या चलनाच्या नावाने येते. माणूस बोट लावतो, ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, हा हो म्हणतो, पुढचे ओटीपी परस्पर तिकडं. ज्याला एकदा "ही परवानगी दिली तरी चालते" असं दाखवलं तो लग्नपत्रिकेला पण देणार. व्हीएलसी आणि ऑर्गॅनिक मॅप्स प्ले स्टोअरवर आहेतच, तिथून घ्या.

आणि यूपीआयला विरोध तो याच्यासाठीच. फोन जुना, सिक्युरिटी अपडेट कधीच थांबलेले, त्यावर बँक.

ओपनसोर्स_कराड :
परवानगी देऊन स्टोअर टाकून झाल्यावर ती परत बंद करता येते की. आणि प्ले स्टोअरवर सगळं चोख असतं असं पण नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी लोकांचे कॉन्टॅक्ट, फोटो उचलून नातेवाईकांना धमक्या दिल्या, ती बरीचशी प्ले स्टोअरवरचीच होती. गूगलने कर्जाच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायला मनाई केली ती ३१ मे २०२३ पासून, तोवर किती जणांची झोप उडाली असेल. आपल्या गावच्या पोरांना दोन गोष्टी समजावून सांगायच्या सोडून त्यांना कुंपणातच ठेवायचं, हे मला पटत नाही.

मिरजेचा_पेन्शनर :
साठीच्या पुढचा मीच आहे, त्यामुळे बोलणं भाग आहे. वयावरून ठरवू नका हो. बँकेत बसून आयुष्यभर लोकांचे पैसे मोजले, आता मला पिन जपता येत नाही असं कसं म्हणता? फसवणूक झालेल्यात शिकलेली तरुण पोरं काय कमी आहेत?

ज्यांना स्मार्टफोनवर बँक नकोच वाटते त्यांनी *९९# हा नंबर लावून व्यवहार करावा, नेट लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवरून पण होतं. मार्च २०२२ पासून १२३पे पण आलंय, फोन लावून पैसे पाठवायची सोय. आणि घरातल्या जाणत्याने एकदा सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमची अनोळखी अ‍ॅप टाकायची परवानगी बंद आहे का ते बघावं. इथं मी विट्याच्या बाजूने आहे. तरी पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवायची शक्यता जास्त.

हयातीच्या दाखल्याचं पण सांगतो. नोव्हेंबरात चेहरा दाखवून घरबसल्या करता येतो, पण त्याची अ‍ॅप हलक्या फोनवर नीट चालत नाहीत. ते काम वर्षातून एकदाचं. मुलाच्या फोनवरून करावं, आपल्या फोनवर ओझं ठेवू नये.

कृष्णाकाठची :
सगळे अ‍ॅपवर बोलतायत, महापुराचं कोणी काढलंच नाही. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. बऱ्याच भागात लाइट नाही, रेंज नाही, चार्जिंग नाही. तेव्हा कुठलं अ‍ॅप कामाला येणार? फोनमध्ये एफएम असेल तर ते काढू नका आणि वायरचा इयरफोन घरात ठेवा, तीच वायर अँटेना असते, नेटशिवाय चालतं. आणि सरकारी इशारा थेट फोनवर मोठा आवाज करत येतो, २०२३ ला टेस्टचा आला होता सगळ्यांना, त्याला अ‍ॅप लागत नाही. पण बरेच जण आवाजाला घाबरून सेटिंगमध्ये ते बंद करून बसलेत. इमर्जन्सी अलर्ट नावाने शोधा आणि चालू करा, आपल्याकडं पावसाळ्याआधी हे बघितलंच पाहिजे.

विटा_मोबाईलवाला :
कृष्णाकाठच्या ताईंचं अलर्टचं उद्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक फोनवर बघतो.

यूपीआयबद्दल काकांच्या मताचा मान ठेवून वयाची अट सोडतो, फोनची नाही. सेटिंगमध्ये फोनबद्दल म्हणून असतं, तिथं अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती चार-पाच वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर बँक नको, मग मालक वीस वर्षाचा असो. मंडईतल्या मावशींना पैसे घ्यायला छापील कोड आणि बोलणारा साउंड बॉक्स पुरतो, फोन लागतच नाही.

कृष्णाकाठची :
साउंड बॉक्सचं महिन्याला भाडं कापतात दादा, बऱ्याच ठिकाणी. पाटीवरच्या बाईला ते पण मोजावं लागतं. आणि कोड तिच्याच खात्याचा काढायचा तर आधी यूपीआय तिच्याच नंबरवर सुरू करावं लागतं ना? नवीन फोन घ्यायला पैसे असते तर जुना वापरला असता का? तुम्ही छोट्या खात्याचं सांगा लोकांना, तारीख बघून नाही म्हणू नका.