चारित्र्य पडताळणीत गुन्हा लपवला: नोकरी जावी का?

सरळरेघ
माझं मत: जावी. निमलष्करी दल असो की रेल्वे सुरक्षा दल, साक्षांकन नमुन्याच्या (उमेदवाराने स्वतःची माहिती लिहून द्यायचा अर्ज) माथ्यावरच ताकीद असते की माहिती खोटी दिली किंवा दडवली तर उमेदवार अपात्र. केंद्राच्या नमुन्यात प्रश्न सुटे सुटे आहेत: अटक झाली होती का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं का, बंधपत्र (नीट वागण्याची लेखी हमी) घेतलं का, दंड झाला का, शिक्षा झाली का, आत्ता काही प्रलंबित आहे का. लोक ‘शिक्षा’ तेवढं वाचतात आणि सगळीकडे ‘नाही’ ठोकून मोकळे. हातात बंदूक द्यायची तो माणूस पहिल्याच कागदावर खोटं बोलतो, मग पुढे काय?

दुसरीबाजू
इतकं सरळ नाही. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलंय की नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. जे विचारलंच नाही ते दडवलं म्हणता येत नाही. शिवाय उमेदवाराला ती गोष्ट ठाऊक असायला हवी. एफआयआरमध्ये नाव आहे, पण ना अटक, ना समन्स. पुढे पोलिसांनी ‘क’ समरी (तक्रार गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल) पाठवली. त्याने ‘नाही’ लिहिलं तर खोटं काय? तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ प्रकरणाकडे दुर्लक्ष करण्याची मुभाही त्याच निकालात आहे.

सरळरेघ
मुभा, हक्क नव्हे. तोच निकाल पुढे म्हणतो की सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही.

नक्कलविभाग
दोघंही मूळ घोळाकडे बघत नाही आहात. अर्ज अडकतात ते दोन ठिकाणी.

एक, चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ किंवा ११० खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेत १२६, १२९) बंधपत्र लिहून दिलेलं असतं. ‘गुन्हा कुठंय, नुसती सही केली’ म्हणून तो रकाना ‘नाही’ होतो. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला नोंद मात्र असते, आणि पडताळणीचा कागद जातो त्याच ठाण्यात.

दोन, तडजोड. मारामारीचं प्रकरण आपसात मिटलं की कायद्याने ते निर्दोष सुटणंच, पण ‘खटला चालला का’ याचं उत्तर तरीही ‘हो’. त्यात भर म्हणजे मेहर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांची बाजू उचलून धरली: तडजोडीने सुटणं म्हणजे सन्मानाने सुटणं नव्हे. त्यामुळे ‘हो’ लिहा आणि सोबत निकालाची प्रमाणित नक्कल जोडा. नुसतं ‘निर्दोष’ लिहिलं की शंका वाढते.

नमुना भरल्यानंतर अटक झाली तरी लगेच कळवायचं असतं. हे तर कुणी वाचतच नाही.

दुसरीबाजू
नक्कल जोडा हे मान्य. पण निकाल काय लागेल याचा भरवसा काय? २०२२ मध्येच पवन कुमारला (रेल्वे सुरक्षा दल) दिलासा मिळाला आणि सतीशचंद्र यादव (केंद्रीय राखीव पोलीस दल) हरला. उमेदवाराने काय समजायचं?

सरळरेघ
पवन कुमारवरची तक्रारच खोटी निघाली होती. यादवने प्रलंबित खटला दडवला होता. फरक उघड आहे.

तिसरारकाना
अल्पवयीन असतानाच्या प्रकरणाचं काय? बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ अपात्रता लागू देत नाही. अपवाद सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा.

नक्कलविभाग
बरोबर, तिथे ‘दडवलं’ हा ठपका टिकणं अवघड. आणि कायम झालेला कर्मचारी असेल तर विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही, हेही अवतार सिंगमध्येच आहे. परिवीक्षेत (कायम होण्याआधीच्या चाचणी काळात) असलेल्यांना हे कवच नाही, आणि पडताळणीचे अहवाल बहुधा तेव्हाच येतात.