अण्णांना टीव्ही ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत काय करता येईल?

काळाचौकीची लेक · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. प्रश्न टीव्हीच्या आवाजाचा आहे, पण घरचं थोडं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आई-अण्णा काळाचौकीला चाळीत राहतात. दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. मी भांडुपला असते, दर शनिवारी जाते. अण्णा आता ७७ वर्षांचे आहेत. १९८२ चा संप झाला तोपर्यंत पंधरा वर्षं ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. साच्यांचा खडखडाट इतका, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ बघायचे आणि हातवारे करायचे, असं ते आम्हाला लहानपणी करून दाखवायचे. गिरणी सुटली, पण कानांचं जे व्हायचं ते तोपर्यंत होऊन गेलं होतं.

गेली दोन-तीन वर्षं टीव्हीचा आवाज ४५ वर असतो. शेजारच्या खोलीतला मुलगा यंदा दहावीला आहे आणि मधे नुसतं लाकडी पार्टिशन. परवा काकू दारात येऊन अगदी हळू म्हणाल्या, "अण्णा, परीक्षा होईपर्यंत जरा..." त्यांचं काहीच चुकलं नाही. अण्णांना ते ऐकूच आलं नाही, आईला मोठ्याने परत सांगावं लागलं. अण्णांचा चेहरा एवढासा झाला म्हणे. त्या दिवसापासून ते आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघतात. आज मी गेले तर पंखा फिरतोय, टीव्हीवर माणसं बोलताहेत आणि खोलीत चिडीचूप. मला ते बघवेना.

मुळात आवाज ४५ वर होता तेव्हाही ते दर दोन मिनिटांनी आईला विचारायचे, "काय म्हणाला?" सातच्या बातम्या त्यांना कळतात, निवेदिका समोर बघून बोलते ना. मालिका कळत नाही, कारण माणसं पाठ फिरवून बोलतात आणि वर ढणढण संगीत. डब केलेला सिनेमा तर अजिबात नाही. तिथे ओठ वेगळेच हलतात.

आज मी एक करून बघितलं. त्यांच्या मागे उभी राहून नेहमीच्या आवाजात एकेक शब्द म्हटला: सात, हात, खात, साठ. चारही वेळा म्हणाले "हात". समोर येऊन तेच चार शब्द म्हटले, तर तीन बरोबर सांगितले.

आतापर्यंत दोन गोष्टी करून झाल्या. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून साउंडबार आणला. आवाज मोठा झाला, धाडधाड वाजायला लागलं, शब्द होते तसेच. परत केला. मग भावाने ब्लूटूथचे इअरफोन आणले. ते लावले की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद, म्हणजे आई बसली मुक्याने बघत. शिवाय ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. अण्णांनी दोन मिनिटांत काढून ठेवले.

टीव्ही ३२ इंची आहे, माळ्याखाली भिंतीवर लावलेला. त्याच्या खाली फ्रिज, फ्रिजवर आईचे स्टीलचे डबे. सेटटॉप बॉक्स आहे, इंटरनेट नाही. अण्णांची खुर्ची दाराशी, टीव्हीपासून साधारण दहा फुटांवर. ती खुर्ची ते हलवू देणार नाहीत, तिथे गॅलरीतली हवा येते.

हजार-दोन हजारांत काही होईल का?

---

मुलुंडकर · शनिवार, रात्री १०:१५

मोबाइलवर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून बघा. समोरचा बोलतो ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटतं, मराठीही येते, फक्त नेट लागतं. मालिकेच्या संगीतात ते गोंधळतं, त्यामुळे टीव्हीसाठी नको. घरच्या बोलण्यासाठी आणि डॉक्टरकडे गेल्यावर फार उपयोगी पडतं. माझ्या आजोबांना आम्ही त्यावरच क्रिकेटच्या गप्पा मारतो.

---

टीव्हीवाला, परळ · रविवार, सकाळी ११:०५

ताई, तुमचं सात-हात वाचलं आणि लिहायला बसलो. माझी जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं लालबाग, परळ, शिवडीची. ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे आणि प्रत्येक घरात आवाज वाढवूनच बघितलेला असतो. आवाज वाढवू नका. आवाज अण्णांच्या जवळ न्या.

आधी फुकटची कामं. जुन्या डबा टीव्हीचा स्पीकर आपल्याकडे तोंड करून असायचा. आताच्या पातळ टीव्हीत तो खालच्या कडेला असतो आणि त्याचं तोंड जमिनीकडे. तुमच्याकडे तो थेट फ्रिजवरच्या डब्यांवर आदळतोय. स्टीलचे डबे खर्जाच्या आवाजाने थरथरतात आणि तेवढ्यात शब्द मरतो. डबे दुसरीकडे हलवा, आज हलवा.

मग टीव्हीच्या मेनूत साउंड मोड बघा. तो 'म्युझिक' किंवा 'मूव्ही'वर असेल तर काढा. 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच', 'न्यूज' असं काहीतरी नाव असतं, कंपनीप्रमाणे बदलतं, ते लावा. 'सराउंड' बंद. बास खाली, ट्रेबल थोडा वर. 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर चालू करा, म्हणजे जाहिरात लागली की दचकायला होणार नाही.

सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ आउटपुट' शोधा. तिथे 'डॉल्बी' असेल तर 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' करून बघा. कारण सांगतो. सहा स्पीकरसाठी केलेल्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेला असतो. आपल्या टीव्हीत मधला स्पीकर नाहीच, मग सगळं दोनांत कोंबलं जातं आणि संगीत संवादाच्या डोक्यावर बसतं. हे प्रत्येक चॅनलवर लागू नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

आता खर्चाचं काम. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचं गोल भोक आहे का बघा. असेल तर त्यातून लांब वायर काढून कॉम्प्युटरला लावतात तसे दोन छोटे स्पीकर अण्णांच्या खुर्चीशी, कानाच्या उंचीवर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. दहा फुटांवरून अडीच फुटांवर आणला म्हणजे दोनदा निम्मं, बारा डेसिबल. खोलीत भिंतींमुळे थोडं कमी मिळेल, तरी फरक मोठा पडतो. अण्णांना जवळून ऐकू येईल आणि पार्टिशनपलीकडे जाणारा आवाज कमी होईल.

वायरने जोडलेल्या स्पीकरला उशीर लागत नाही. ब्लूटूथमध्ये आवाज आधी बारीक करून पाठवायचा, मग तिकडे उलगडायचा, त्यात वेळ जातो. तुम्हा-आम्हाला तो खटकत नाही, पण ओठ बघून समजून घेणाऱ्या माणसाला त्याने काहीच कळत नाही. अण्णांनी इअरफोन काढून ठेवले ते बरोबरच केलं.

---

काळाचौकीची लेक · रविवार, दुपारी १:३०

दादा, खूप आभार. आईला व्हिडिओ कॉल लावून टीव्हीच्या मागे बघायला सांगितलं. हेडफोनचं चित्र असलेलं गोल भोक आहे. पण त्यात पिन घातली की टीव्हीचे स्पीकर बंद पडतील का? आईचं काय?

---

टीव्हीवाला, परळ · रविवार, दुपारी २:१०

बहुतेक टीव्हींत बंद पडतात, पडू द्या. इअरफोन नाही, स्पीकर आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत खुर्चीपाशी वाजलेलं आईंना आरामात ऐकू येईल. फक्त एक, त्या स्पीकरना करंट टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, घूंsss असा आवाज येत राहतो. मोबाइलच्या वेगळ्या चार्जरवर लावा.

---

वांद्रे रेक्लमेशन · रविवार, रात्री ८:५०

ताई, टीव्हीचं होईलच, पण अण्णांचे कान एकदा तपासून घ्या अशी कळकळीची विनंती. माझ्या सासूबाईंचं आम्ही चार वर्षं "वयच झालंय" म्हणून सोडून दिलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यंत्रांच्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसाचा कान आधी साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. स, श, ख, थ, फ यांतला बारीक फुसकारा वरच्या पट्टीत असतो, तो हरवतो. 'सात'मधला 'आ' पोचतो, 'स' पोचत नाही. म्हणून आवाज येतो आणि शब्द येत नाही. आवाज वाढवला की 'आ' आणखी मोठा होतो, एवढंच.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून मळ आहे का बघून घ्या, मग ऑडिओग्राम, म्हणजे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत किती ऐकू येतं त्याचा आलेख. तुम्हाला केईएम हॉस्पिटल जवळ पडेल. आमच्याकडे वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, वाचा आणि श्रवण याच विषयाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था. कमी उत्पन्न असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीप योजनेत श्रवणयंत्र मिळू शकतं, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. ऑनलाइन मिळणारं कुठलंही स्वस्त 'कानाचं मशीन' मात्र घेऊ नका. ते सगळंच मोठं करतं, पंखासुद्धा. चांगलं यंत्र ऑडिओग्राम बघून नेमका गेलेला पट्टा उचलतं. आणि घेतलंत तर पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. मुंबईची दमट हवा त्याला सोसत नाही. सासूबाईंचं पहिलं यंत्र आम्ही जुलैतच घालवलं.

---

काळाचौकीची लेक · तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:२०

सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून लिहिते.

पहिल्या शनिवारी डबे हलवले. आई कुरकुरली, पण फरक तिलाच आधी जाणवला. साउंड मोड खरंच 'म्युझिक'वर होता, कुणी केला देव जाणे. तो बदलला, बॉक्सवर पीसीएम केलं. अण्णा म्हणाले, "आता जरा सुटं सुटं येतंय." सुटं हा त्यांचाच शब्द.

दुसऱ्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन छोटे स्पीकर आणि पाच मीटरची वायर आणली, सगळं मिळून साडेआठशे रुपये. खुर्चीमागच्या फळीवर, आईच्या पोथ्यांशेजारी ठेवले. आधी हट्टाने टीव्हीच्या यूएसबीलाच लावले, आणि दादा म्हणाले तसं घूंsss. चार्जरवर लावल्यावर बंद.

मग मी काकूंच्या खोलीत जाऊन पार्टिशनला कान लावून उभी राहिले. त्यांचा मुलगा भूमितीची गणितं करत होता. मला फक्त कुणीतरी बोलतंय एवढं कळत होतं, तेही ऐकायला गेले म्हणून. काकू म्हणाल्या, "टीव्ही लावलाय का अण्णांनी? मला वाटलं अजून बंदच आहे." हे मी अण्णांना समोर बसून, सावकाश सांगितलं. काही बोलले नाहीत. उठून काकूंच्या दारात गेले आणि मुलाला विचारलं, पेपर कधीपासून आहेत.

रात्री मालिका चालू होती. त्यातल्या सासूने स्वयंपाकघरात पाठ फिरवून काहीतरी टोमणा मारला. आई कणीक मळत होती, तिचं लक्ष नव्हतं. तिने विचारलं, "काय म्हणाली हो?" आणि अण्णांनी तिला सांगितलं. पूर्ण वाक्य. एवढ्या वर्षांत हे उलटं पहिल्यांदा झालं.

गेल्या मंगळवारी रजा टाकून केईएमला नेलं. डाव्या कानात चांगलाच मळ होता, तो काढला. ऑडिओग्रामची रेघ डावीकडून बरी येते आणि उजवीकडे दरीत उतरल्यासारखी खाली जाते, दोन्ही कानांची. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करत होता?" अण्णा म्हणाले, "साचेवाला." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. श्रवणयंत्राला अजून हो म्हणाले नाहीत, "बघू" म्हणतात. वांद्र्याचं मी त्यांना सांगून ठेवलंय, परीक्षा आटोपल्या की पुन्हा विषय काढीन.

एकच अडचण राहिली. वायर दारासमोरून जमिनीवरून जाते. आईचा पाय अडकेल अशी मला भीती वाटते.

---

टीव्हीवाला, परळ · रविवार, सकाळी १०:४५

ताई, वाचून फार बरं वाटलं. माझे वडीलही गिरणीतलेच.

वायर जमिनीवरून अजिबात नको. इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लास्टिकची केसिंग पट्टी मिळते, मागून चिकटणारी घ्या, भाड्याच्या खोलीत खिळे नकोत. टीव्हीपासून वर, दाराच्या चौकटीवरून आडवी आणि खुर्चीपाशी खाली. पाच मीटर पुरणार नाही, जोड न देता दहा मीटरचीच एक वायर घ्या. टीव्हीच्या मागे वीतभर ढिली सोडा, नाहीतर पुसताना टीव्ही हलला की पिन भोकातच तुटते.

आणि टीव्हीच्या, बॉक्सच्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॉक्स अपडेट झाला की कधी कधी सगळं मूळपदावर जातं, मग आईंना फोनवरून सांगत बसायला लागेल. तसं झालं आणि जमलं नाही तर इथे लिहा, मी काळाचौकीला असतोच, येताजाता करून देईन.